तपासणी दिवसा होते

आमचं हॉस्पिटल अठरा खाटांचं. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. सर हाडांचे डॉक्टर, मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. मी डॉक्टरही नाही आणि सिस्टरही नाही. आधी पतसंस्थेत कामाला होते, ती बंद पडल्यावर इथे आले. पदाला नाव अ‍ॅडमिन. काम म्हणजे बिलं, टीपीएचे (विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीचे) फोन, पगार, जनरेटरचं डिझेल, लिफ्टवाल्याशी भांडण आणि दर तीन वर्षांनी सी फॉर्म.

सी फॉर्म म्हणजे शुश्रूषागृह नोंदणीचं प्रमाणपत्र. रिसेप्शनच्या मागे फ्रेममध्ये लावलेलं असतं, पेशंट त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण त्याची मुदत संपली की विमा कंपन्या कॅशलेस थांबवतात. म्हणून तीन वर्षं होत आली की पहिली आठवण टीपीएवाले करून देतात, सरकारी कार्यालय नाही.

हे ज्या कायद्याखाली चालतं तो १९४९ सालचा आहे, तेव्हाच्या मुंबई प्रांताचा. नाव बदलून आता तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम झाला. २०१० मध्ये केंद्राने क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला. पण आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान यांनी स्वीकारला. महाराष्ट्राने आपलाच जुना कायदा ठेवला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले. तोपर्यंत तपासणीत जे विचारलं जायचं ते सगळं हॉस्पिटलबद्दल असायचं: डॉक्टरांची डिग्री, खाटा किती, ओटी कशी आहे, पाणी कुठून येतं. नव्या नियमांनी पहिल्यांदा पेशंटला काय सांगायचं, काय दाखवायचं, काय द्यायचं हे विचारायला सुरुवात केली. दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, तक्रार कोणाकडे करायची ते लिहा. नोंदणी करणाऱ्या कार्यालयांनीही तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री नंबर ठेवायचा. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना हे कितीतरी वर्षं मागत होत्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये सतरा हक्कांची सनद काढली होती, तिचाच धागा इथे दिसतो.

त्या सुधारणेनंतरचं आमचं पहिलं नूतनीकरण माझ्या हातून झालं. त्याआधीचंही मीच केलं होतं. तेव्हा तपासणीचे साहेब आले, ओटीत डोकावले, टेबलावरची फाईल चाळली, चहा घेतला आणि गेले. त्यामुळे यावेळीही तेवढंच असेल, असं सर धरून चालले होते.

कागद गोळा करायचा भाग लवकर उरकते, कारण ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही केला त्यांना त्यात रस वाटणार नाही. नगरपरिषदेचं भोगवटा प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, बायोमेडिकल वेस्ट उचलणाऱ्या कंपनीचा करार, सोनोग्राफीची वेगळी नोंदणी, सगळ्या डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलची नूतनीकरणं, येऊन-जाऊन असणाऱ्या भूलतज्ज्ञांचं संमतीपत्र. प्रत्येक कागदाची मुदत वेगळ्या महिन्यात संपते. एक हातात येतो तोवर दुसऱ्याची तारीख उलटलेली असते. यातला कुठलाही कागद मूर्खपणाचा नाही. पण हे सगळे कागद वेगवेगळ्या सरकारी खात्यांचेच आहेत आणि एका खात्याने दिलेला कागद दुसऱ्या खात्याला मीच नेऊन दाखवायचा, तोही साक्षांकित करून, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

फायरच्या प्रमाणपत्रापाशी मात्र थांबते.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. एप्रिलमध्ये विरारला एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागली. नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, अकरा पेशंट गेले. त्या वर्षात सगळ्यांनाच फायर ऑडिटच्या नोटिसा आल्या. कायदा २००६ चाच होता: परवानाधारक एजन्सीने दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं, ते इमारतीच्या मालकाने दाखल करायचं. आमच्याकडेही ती प्रमाणपत्रं होती, नीट लावलेली. एजन्सीचा माणूस यायचा, लाल सिलिंडरवरचं स्टिकर बदलायचा आणि जायचा.

आमची इमारत मुळात राहायचं घर. वर दोन मजले चढवले, जिना एकच. दुसरा मार्ग हवा म्हणून मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना लावून घेतला. एजन्सीवाला म्हणाला, चालतंय. मी मॅडमना म्हटलं, आपले निम्मे पेशंट पायाला वजन बांधून पडलेले असतात, ते या जिन्यावरून कसे उतरणार? सर हसले. मग ते स्वतः त्या जागी जाऊन उभे राहिले आणि त्यांचं हसू थांबलं. एका दुपारी वॉर्डातल्या मामांपैकी (वॉर्डबॉयना आम्ही मामा म्हणतो) सगळ्यात सडपातळ माणसाला स्ट्रेचरवर झोपवून पाहिलं. पहिल्याच वळणाला स्ट्रेचर अडकलं. शेवटी गोल जिना काढून सरळ रॅम्पसारखा जिना केला. त्यासाठी पार्किंगची जागा गेली आणि सरांची गाडी आता रस्त्यावर उभी असते. जे पेशंट हलू शकत नाहीत त्यांना तळमजल्यावर आणलं आणि ओपीडी वर नेली. ओपीडीच्या म्हाताऱ्या पेशंटनी यासाठी आम्हाला भरपूर शिव्या घातल्या. यातलं काहीही कुठल्या फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. फॉर्ममध्ये विचारलं होतं: दुसरा मार्ग आहे का? होय किंवा नाही.

मग दरपत्रक. यावरून हॉस्पिटलात जेवढी वादावादी झाली तेवढी पगारवाढीवरूनही झाली नव्हती.

सर म्हणाले, "ताई, आपण काय वडापावची गाडी लावलीय का, दराचा बोर्ड टांगायला?" त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. हाड कुठे मोडलंय, किती तुकडे झालेत, प्लेट बसवायची की रॉड, पेशंटला शुगर आहे का, यावर खर्च ठरतो. एक्स-रे बघितल्याशिवाय आकडा कसा सांगायचा? पण नियमात सगळ्या ऑपरेशनचे दर मागितलेले नव्हते. खाटेचा दिवसाचा दर, डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, ऑक्सिजन अशा नेहमीच्या गोष्टी होत्या. तेवढं तर सांगता आलंच पाहिजे ना?

सांगता येईना. मी मागच्या वर्षभराची सिझेरियनची बिलं काढून बसले. पतसंस्थेतली सवय. प्रत्येक बिलाची बेरीज वेगळी. म्हणजे कोणी कुणाला फसवत होतं असं नाही. एका बिलात मॉनिटरचा चार्ज वेगळा, दुसऱ्यात तो ओटीच्या खर्चात. एकात भूलतज्ज्ञांची फी आत, दुसऱ्यात बाहेर. ओटी किट नावाची एक ओळ होती, तिच्यात काय असतं हे विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिली. बिल कोणाच्या पाळीत झालं, पेशंटच्या बाजूने घासाघीस करायला कोण आलं होतं, यावर शेवटचा आकडा ठरायचा. जो नातेवाईक आवाज चढवायचा त्याला सूट. जी बाई पदराच्या गाठीतून नोटा काढून मुकाट मोजायची तिला नाही.

मॅडमनी ती बिलं टेबलावर पसरून पाहिली आणि म्हणाल्या, बोर्ड लावायचा. दोन रविवार बसून आम्ही एकेक ओळ ठरवली. खाटेच्या दरात काय येतं, काय येत नाही. सिझेरियनच्या रकमेत भूल धरायची, औषधं बाहेर ठेवायची. दिवसाला लावला जाणारा 'नर्सिंग चार्ज' कशाचा, हे कोणालाच सांगता आलं नाही. तरी तो ठेवला, पण त्या आकड्याकडे बघताना मला दर वेळी टोचायचं. त्याचं पुढे सांगते.

बोर्ड लागल्यावर आठवडाभरात लोक मोबाईलवर त्याचे फोटो काढायला लागले. काहींचा समज असा की हे दर सरकारने ठरवलेत. करोनात तसं झालं होतं: मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी हॉस्पिटलांमधल्या ऐंशी टक्के खाटांना कमाल दर लागले होते, वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले होते. लोकांच्या डोक्यात ते राहिलंय. आत्ताचा नियम फक्त दाखवायला सांगतो, किती घ्यायचे ते सांगत नाही. शेजारच्या हॉस्पिटलने आमच्यापेक्षा दुप्पट दर लिहिले तरी नियमाप्रमाणे ते बरोबरच. तरीही माझं मत विचाराल तर या सगळ्या सुधारणेतली सगळ्यात कामाची गोष्ट तो बोर्डच. घासाघीस संपली नाही, पण आता ती बोर्डाखाली उभं राहून होते आणि मुकाट पैसे मोजणारी बाईसुद्धा बोट दाखवू शकते.

सनदेचं तसं झालं नाही. मराठीत छापून आणली, मोठी केली, लॅमिनेट केली. माहिती मिळण्याचा हक्क, कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा, पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई असण्याचा. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येणार नाही. चांगलं आहे सगळं. पण इतक्या बारीक ओळी भिंतीवर कोण वाचतो? तिच्यातली एकच ओळ लोकांनी उचलली, केसपेपरच्या झेरॉक्सची, आणि तीही विम्यासाठी लागते म्हणून. बाकी ओळींना कुठेतरी काही घडल्याशिवाय अर्थ येत नाही. २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीचा मृत्यू झाला, अनामत रकमेवरून राज्यभर गदारोळ झाला आणि महापालिकेने तिथल्या हॉस्पिटलांना याच नियमांची आठवण करून देणाऱ्या नोटिसा काढल्या. तातडीच्या पेशंटकडे आधी डिपॉझिट मागू नका. तेव्हा आमच्याकडेही लोक भिंतीपाशी जाऊन ती सनद वाचताना दिसले. चारेक वर्षं तिथेच होती ती.

आता नर्सिंगचं. हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला.

कायदा सांगतो की खाटांच्या प्रमाणात पात्र परिचारिका हव्यात, म्हणजे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या, ती दर पाच वर्षांनी नवी केलेली. मागणी अगदी योग्य आहे. पण तालुक्याच्या गावात त्या मिळत नाहीत. जीएनएम झालेली मुलगी आमच्याकडे अनुभवापुरती राहते. मग पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, सरकारी भरती नाहीतर परदेश. मी तिला दोष देत नाही, आम्ही देतो तेवढ्या पगारात मीही थांबले नसते. मग लहान हॉस्पिटलं चालतात कशावर? दहावी-बारावी झालेल्या, डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलींवर. पांढरा ड्रेस सारखाच, पेशंट सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात.

आमच्या नोंदणीच्या वेळी पात्र नावं कमी पडत होती. हे कळायचा अवकाश, एक एजंट येऊन बसला. नोंदणी असलेल्या सिस्टरचं सर्टिफिकेट देतो म्हणाला, वर्षाचे अमुक पैसे. ती बाई येणार नाही, नाव फक्त यादीत लागणार. अर्ध्या तालुक्याला आपणच पुरवतो, हेही त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. मॅडमनी विचारलं, "माझ्या पेशंटला रात्री सलाईन ते सर्टिफिकेट लावणार आहे का?" तो गेला. पण त्याचा धंदा चालतो, याचा अर्थ तपासणी काय बघते हे त्याला नेमकं ठाऊक आहे.

दुसरी बाजूही आहे. आमची सगळ्यात जुनी सिस्टर नोंदणी नसलेली. दहावीवर आली, मॅडमच्या हाताखाली शिकली. एका रात्री प्रसूती होऊन तास झाला नव्हता, बाळ व्यवस्थित, आई हसत बोलत होती. ही आली, पोटावर हात ठेवला आणि फोन लावला, "मॅडम, गर्भाशय आवळत नाहीये, या." मॅडम येईपर्यंत एका हाताने ती पोट चोळत होती, दुसऱ्या हाताने इंजेक्शन काढायला मामाला फ्रिज दाखवत होती. ती बाई वाचली. ही सिस्टर नियमाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. जीएनएमला प्रवेश घ्यायला बारावी लागते, वयाची अट पस्तीसची, ती कधीच ओलांडून गेली. तिच्यासारख्यांची परीक्षा घ्या, मर्यादित कामाची नोंदणी द्या, काहीतरी करा, असं मला वाटतं. नर्सिंगवाल्यांच्या संघटनांना हे आवडणार नाही आणि त्यांची भीतीही खरी आहे. असा दरवाजा उघडला की सगळी हॉस्पिटलं स्वस्तातल्या मुलीच ठेवतील. म्हणून हा प्रश्न तसाच पडून आहे आणि दर तीन वर्षांनी सगळे मिळून त्याच्यावर पांघरूण घालतात.

मॅडमनी शेवटी जेवढ्या खऱ्या नोंदणीच्या सिस्टर होत्या तेवढ्याच लिहिल्या. सरांचा जीव टांगणीला लागला.

तपासणीला पथक आलं ते अकराच्या सुमारास. एक डॉक्टर बाई, सोबत एक लिपिक आणि एक शिपाई. तारीख आधी कळवलेली होती, त्यामुळे फरशी चकाचक, चादरी नव्या. बाईंनी मात्र फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, आधी फिरू. टेप काढून दोन खाटांमधलं अंतर मोजलं, एका वॉर्डात कमी भरलं. नीडल कटर चालू करून पाहिला. मग सफाई करणाऱ्या मावशींना बोलावलं आणि विचारलं, प्रसूतीनंतरची वार कुठल्या पिशवीत टाकता? पिवळ्या. सलाईनची नळी? लाल, सुई काढून. फुटलेली बाटली? निळ्या डब्यात. सुई? पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या. मावशी शाळेच्या बाहेरूनच परतलेल्या, पण एकही चुकलं नाही. शेवटी न विचारता त्यांनी हेही सांगितलं, "अठ्ठेचाळीस तासांच्या वर ठेवायचं नसतं. गाडी नाही आली तर मी ताईंच्या डोक्यावर बसते." हे खरं आहे.

मग बाईंनी ड्युटीचा तक्ता मागितला. रात्रीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "ही एकटी? प्रसूती आली तर वॉर्डात कोण?" मी म्हटलं, दुसरी सिस्टर असते, पण तिची नोंदणी नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. लिपिकाला म्हणाल्या, शेरा लिहा, पात्र परिचारिका वाढवाव्यात, पूर्तता अहवाल घ्यावा. आणि पुढच्या खोलीत गेल्या.

त्यांनी एकाही पेशंटला काही विचारलं नाही. दरपत्रक आहे का पाहिलं, त्याप्रमाणे बिल होतं का हे पाहिलं नाही. एक बिल आणि बोर्ड शेजारी धरायला पाच मिनिटं लागली असती. त्यांचा दोष म्हणायचा तर जीभ रेटत नाही. चहा घेताना त्या मोकळेपणाने बोलल्या. स्वतःची ओपीडी, शवविच्छेदनं, शिबिरं सांभाळून त्यांनी हे करायचं. तपासणीसाठी वेगळी माणसं नाहीतच. सर म्हणाले, तुमच्याकडे तरी दोन जिने आहेत का? त्या हसून म्हणाल्या, माझं नका विचारू डॉक्टर. सरकारी रुग्णालयाला हा कायदा लागूच होत नाही, हे मला तेव्हा कळलं. भंडारा आणि नगर, दोन्ही सरकारी. केंद्राचा कायदा सरकारी-खासगी दोघांना एकाच मापाने मोजतो, आपण तो घेतला नाही. खासगी डॉक्टरांच्या संघटना केंद्राच्या कायद्याला विरोध करताना हा मुद्दा काढताना मला तरी दिसल्या नाहीत, खरं तर त्यांच्या फायद्याचा आहे तो.

पूर्तता अहवालात एक खाट कमी केली, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन बोर्डावर टाकला (ते नाव माझंच), एका नव्या जीएनएम मुलीचं नेमणूकपत्र जोडलं. प्रमाणपत्र लगेच आलं नाही. मधल्या काळात जुन्याची मुदत संपली आणि दोन विमा कंपन्यांनी कॅशलेस बंद केलं. ज्या पेशंटनी हप्ते भरले होते त्यांना रोख पैसे उभे करावे लागले. अर्ज वेळेत केल्याची पोच दाखवूनही टीपीएवाल्यांना ती पुरेना. कार्यालयात गेलं की फाईल सहीला आहे असं कळायचं. कोणी पैसे मागितले नाहीत, हे मुद्दाम लिहिते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. फक्त उशीर झाला.

मग काही महिन्यांनी पहिली खरी तक्रार आली.

खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा. ऑपरेशन चांगलं झालं होतं. रात्री त्यांनी बेल दाबली, बराच वेळ कोणी आलं नाही, म्हणून ते एकटेच उठायला गेले आणि खाटेच्या कडेवरून घसरले. नशिबाने काही मोडलं नाही. मुलीने सकाळी आमच्याशी भांडण केलं नाही. तिने बोर्डावरचा टोल-फ्री नंबर फिरवला. तिकडून आम्हाला लेखी खुलासा मागणारं पत्र आलं.

सर भडकले. पेशंटला सांगितलं होतं उठू नका म्हणून, असं लिहा म्हणाले. मी त्या रात्रीचा तक्ता काढला. त्या वेळी लेबर रूममध्ये प्रसूती चालू होती, दोन्ही सिस्टर तिकडे. वॉर्डात फक्त मामा आणि तो खाली गेट उघडायला गेलेला. तपासणीच्या बाईंनी बोट ठेवलं होतं तीच जागा. शेरा मारून, पूर्तता होऊन, प्रमाणपत्र मिळूनसुद्धा ती तशीच राहिली होती, कारण नवी जीएनएम मुलगी आम्ही दिवसपाळीला लावली होती. तपासणी दिवसा होते ना.

मी खुलाशात घडलं तसं लिहिलं. मॅडमनी सही केली. सरांनी दुसऱ्या दिवशी केली. त्यानंतर नोंदणी असलेली एक सिस्टर फक्त रात्रीच्या वॉर्डासाठी ठेवली. प्रसूती आली तरी तिने वॉर्ड सोडायचा नाही. तिचा पगार कुठून काढायचा हा प्रश्न आला, तेव्हा आम्ही तो 'नर्सिंग चार्ज' उघडून बसलो. पहिल्यांदाच त्याचा हिशेब मांडला, सिस्टर किती, खाटा किती, पगार किती. आकडा बोर्डावर होता त्यापेक्षा जास्त निघाला. बोर्ड बदलला. लोक कुरकुरले, एकदोघांनी जुना फोटो काढून दाखवला. मी तक्ता दाखवला, रात्री कोण असतं ते नावानिशी. आता तो तक्ताही बोर्डाशेजारी लावतो. नियमात नाही तो, पण पुढच्या सुधारणेत घालावा. आणि वर्षातून एकदा तरी रात्री एक वाजता, न कळवता कोणीतरी यावं. आमच्याकडेही.

तक्रार करणारी ती मुलगी नंतर मला बाजारात भेटली. वडील घरी होते, पण त्यांना उठवणं-बसवणं तिला एकटीला झेपत नव्हतं. गावाबाहेर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एक केंद्र निघालं होतं, तिथे ठेवावं का असं विचारत होती. मी तिच्याबरोबर बघायला गेले. नाकात नळी असलेले, लघवीची पिशवी लावलेले, आमच्या हॉस्पिटलपेक्षा जास्त माणसं तिथे होती. स्वच्छता बरी होती, वास नव्हता, पोरी प्रेमाने बोलत होत्या. सवयीने मी भिंतीवर सी फॉर्म शोधला. शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स होतं. चालवणारे गृहस्थ म्हणाले, हे हॉस्पिटल नाही ताई, सेवा आहे. रात्री कोण असतं विचारलं, तर दोन मुली, डॉक्टर फोनवर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस किती वेळाने बदलता, ते लिहून ठेवता का? लिहून नाही ठेवत, पण बदलतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मी तिला एवढंच सांगितलं की रोज वेगवेगळ्या वेळी जात जा, आणि गेलीस की आधी पाठ बघ. वडिलांना तिने तिथेच ठेवलं. दुसरं केंद्र थेट जिल्ह्याच्या गावी होतं आणि तिची मुलं इथे शाळेत आहेत.